पारूबाईचा खरा फोटो

मेलेल्या माणसाला सूट घालायचं काम चाकुरात मन्मथ स्वामी करतो. हसू नका, खरं सांगतोय. तालुक्यात कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी बसस्टँडसमोरच्या त्याच्या दुकानात येतं, एखादा फोटो पुढं करतं आणि म्हणतं, "अप्पा, श्रद्धांजलीचा बोर्ड करा." फोटोत माणूस कसा असतो? कुठं बनियनवर बाजेवर बसलेला, कुठं लग्नाच्या पंगतीत गालात बुंदी भरलेला. मन्मथ त्याचं मुंडकं कॉम्प्युटरवर अलगद कापतो आणि तयार धडावर बसवतो. धडांचा त्याच्याकडं ढीग आहे. काळा कोट न् टाय, पांढरं जाकीट, बायांसाठी हिरवी पैठणी नाहीतर मोरपंखी शालू. वर रंग जरा उजळ करायचा, सुरकुत्या पुसायच्या, केस काळे करायचे. जन्मभर ज्याच्या अंगाला इस्त्रीचा कपडा लागला नाही, तो बोर्डावर कलेक्टर होऊन बसतो. घरचे बघून रडतातही आणि खूशही होतात. आजवर सगळे खूश झाले. एकटा केरबा तेवढा झाला नाही.

केरबा म्हणजे बांधकाम खात्यातला रिटायर मैलकुली. लातूर-नांदेड रस्त्यावर चाकूरच्या अलीकडं-पलीकडं जेवढे खड्डे बुजले तेवढे मी बुजवले, आणि जे राहिले ते साहेबांनी ठेवून घेतले, असं तो स्वतःच सांगायचा. त्याची बायको पारूबाई एका उन्हाळ्यात काविळीनं गेली. चाकूर झालं, लातूर झालं, शेवटी लेकीच्या गावाला नांदेडला नेलं आणि तिथंच ती आटोपली. गावात जलदान विधी ठेवला, तेव्हा बोर्डासाठी फोटो घेऊन जावई मन्मथकडं आला.

फोटो एकच होता, जावयाच्या फोनमध्ये. पारूबाईला फोटोचं वावडं. "फोटू काढून काय चाटायचाय का?" म्हणायची आणि पळायची. लेकीच्या, चांगुणाच्या लग्नाच्या अल्बमातही ती आहे, पण पाठमोरी, पंगतीत वाढताना. आधार कार्डावर आहे, पण आधारवरच्या फोटोत कुणाला स्वतःची आई ओळखू आलीय ते सांगा. तर दिवाळीच्या सुट्टीत ओट्यावर तूर निवडत बसली असताना जावयानं गुपचूप फोन रोखला. तिनं बरोब्बर त्याच वेळी मान वर केली आणि ओरडली. तेवढंच त्या फोटोत आलं. तव्यासारखा रंग, कपाळावर गोंदण, डावा डोळा रागानं बारीक झालेला, पुढचा एक दात पडलेला आणि तोंड हे एवढं उघडं.

आता श्रद्धांजलीच्या बोर्डावर ओरडणारी बाई कशी चालेल? मन्मथनं नेहमीचं केलं. गोंदण पुसलं. रंग गव्हाळ केला. डोळा सारखा केला. आणि ते तोंड काही जमेना, म्हणून त्याच्याकडच्या जुन्या फोटोंतल्या एका शिक्षिकाबाईचे मिटलेले, गोड ओठ उचलले आणि पारूबाईला लावले. हिरवी पैठणी नेसवली. झकास दिसली. त्याला स्वतःलाच आपल्या हाताचं कौतुक वाटलं.

विधी उरकल्यावर केरबा दुकानात आला. बाकड्यावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अप्पा, बोर्ड लई भारी झाला. पण ती बाई कुणाची म्हनायची?"

"मामा, असं काय करता? मामीच हाय की."

"चाळीस वरसं मी तिचं तोंड मिटलेलं बघितलं न्हाई. झोपंत सुदिक बोलायची. मला न जमलेलं काम तू एका दिवसात कसं काय केलास रं?"

मन्मथ हसला. केरबाही हसला, पण हसता हसता त्याचे डोळे भरले आणि त्यानं टोपीनंच पुसले. म्हणाला, "माझी जशी व्हती तशी दे. काळी दे, ओरडणारी दे. मला घरात लावायचीय."

"देतो की. कॉम्प्युटरात हाय मूळ फोटो. पळून चाललीय का मामी?"

हे असं तो वर्षभर म्हणत राहिला. माणूस वाईट नव्हता हो, कामचुकारही नव्हता. पण फुकटच्या आणि जुन्या कामाला दुकानदाराच्या हातून उशीर होतो तसा झाला. विधीचा बोर्ड केरबानं तोवर घरात भिंतीला टेकवून ठेवला होता. भाजीला आला की तो दुकानात डोकवायचा. "अप्पा, पारू हाय ना?" "हाय हाय, मामा." केरबाला तेवढं ऐकून बरं वाटायचं, आणि मन्मथलाही आपण काही देणं टाळतोय असं वाटायचं नाही. मधल्या काळात जावई गावी आला होता, तेव्हा टँकरमधून ड्रम भरताना वाकला आणि वरच्या खिशातला फोन ड्रमात पडला. ज्या गावात माणसाला प्यायला पाणी नाही, तिथं फोनला बुडायला बरं पाणी सापडलं! फोन गेला तो गेलाच. म्हणजे आता पारूबाईचा खरा चेहरा साऱ्या जगात एकाच ठिकाणी उरला. मन्मथच्या कॉम्प्युटरवर, अगदी समोर, 'पारूबाई' नावाच्या पिवळ्या फोल्डरमध्ये.

दुष्काळाचं ते सलग दुसरं की तिसरं साल. लग्नं थंडावली होती. मन्मथच्या दुकानात काम उरलं होतं दोनच प्रकारचं. एक श्रद्धांजलीचं. दुसरं पुढाऱ्यांचं, टँकरला लावायच्या बोर्डांचं, ज्यावर पाण्यापेक्षा साहेबांचा फोटो मोठा. शिवाय उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठली होती, म्हणून 'जिल्हा झालाच पाहिजे' आणि 'आम्हाला लातूरमध्येच ठेवा' असे दोन्ही बाजूंचे बोर्ड त्याच्याचकडं छापून जात. त्याला काय, दोन्ही हौसेनं करायचा.

एप्रिल लागला आणि केरबा आला. ह्या वेळी बाकड्यावर बसला नाही, टेबलाला हात टेकवून उभा राहिला.

"अप्पा, पुढल्या हप्त्यात पारूला वरीस व्हतंय. चांगुणा यायली नांदेडहून. त्या दिवशी फोटू भिंतीवर पाहिजे. आज काढ, मी हलत न्हाई."

"आत्ता काढतो," मन्मथ म्हणाला आणि खरंच बसला. पण कॉम्प्युटर! म्हाताऱ्या बैलासारखा. फोल्डर उघडायला टिचकी मारली की चक्र फिरायचं, फिरतच राहायचं, मग पडदा पांढरा पडायचा. दोनदा बंद करून चालू केला. आणि तेवढ्यात कोपऱ्यात ती पाटी पुन्हा वर आली, जी गेले कित्येक महिने येत होती. नवी सिस्टीम फुकट आहे, आत्ता घेता की रात्री घेता? 'नको' म्हणायला जागाच नाही. सावकाराच्या माणसासारखी रोज दारात. मन्मथच्या मनात आलं, नवी सिस्टीम घेतली की मशीन पळेल. फोल्डर चटकन उघडेल, मामाचंही काम होईल. त्यानं 'आत्ता'वर टिचकी मारली. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"मामा, संध्याकाळी या. मशीनला नवं इंजिन टाकायलोय."

कुणी म्हणेल, लाइटचा भरवसा नसताना असं करतात का? पण मन्मथकडं इन्व्हर्टर होता, आणि त्याला इन्व्हर्टरचा भरवसा होता. आता ह्या भरवशाची गोष्ट ऐका. बॅटरीला शुद्ध पाणी लागतं, बाटलीतलं. त्या उन्हाळ्यात ते बाजारात कुठंच मिळेना. मन्मथनं डोकं चालवलं. घरच्या बोअरचं पाणी, खोल तळातलं, खारं, तुरीची डाळसुद्धा शिजत नाही त्यात. ते त्यानं उकळलं, तिपदरी फडक्यातनं गाळलं, थंड केलं आणि बॅटरीत ओतलं. बायको म्हणाली, "घरात पेला पाणी न्हाई आन् तुमी बॅटरीला पाजायलाव!" तो म्हणाला, "उकळलं की सगळं पाणी सारखंच." महिनाभर बॅटरी चाललीही. आतून मात्र कुजत होती.

दुपारी लाइट गेली. पडद्यावर 'कॉम्प्युटर बंद करू नका' असं लिहिलेलं होतं. इन्व्हर्टरनं एकदा टीं केलं, पंखा दोन फेरे फिरला आणि सगळं काळं झालं. लाइट आली तेव्हा मशीन सुरू झालं, थोडं घुरघुरलं, पुन्हा बंद झालं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मन्मथ खुर्चीत बसून बघत राहिला. त्याला पहिल्यांदा आठवले ते पुढाऱ्यांचे बोर्ड. मग पिवळं फोल्डर आठवलं.

त्यानं व्यंकटीला बोलावलं. व्यंकटी म्हणजे चाकूरचा कॉम्प्युटर डॉक्टर. त्याचं औषध एकच, ताप असो की खरूज. फॉरमॅट! आला तो पेनड्राइव्ह दातात धरूनच.

"डी ड्राइव्हला हात लावत नसतो मी," व्यंकटी म्हणाला. "तुझा माल डी मध्येच असंल ना?"

"माल समोरच हाय सगळा," मन्मथ म्हणाला. "चालू केलं की समोर दिसतोय की."

व्यंकटीनं मान हलवली. त्याला वाटलं कळलं, आणि मन्मथला वाटलं सांगितलं. बोर्डवाल्यांची ही सगळ्यांचीच खोड. सगळं काम डेस्कटॉपवर मांडून ठेवायचं, किराणा दुकानातल्या पोत्यांसारखं, हाताशी. आणि डेस्कटॉप असतो त्याच भागात जो व्यंकटी पुसतो. डी ड्राइव्हमध्ये होते फक्त दोन जुने सिनेमे. ते सुखरूप राहिले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

संध्याकाळपर्यंत मशीन टकाटक चालू झालं. जुनी सिस्टीम, मराठी फॉन्ट, फोटोचं सॉफ्टवेअर आणि वर व्यंकटीच्या आवडीची गाणी, हौसेनं टाकलेली. पडदा स्वच्छ. निळा. त्यावर पिवळं काहीच नव्हतं.

"माझं सामान?" मन्मथनं विचारलं.

"कोणतं सामान?" व्यंकटी म्हणाला.

तेवढ्यात केरबा दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. दोघांचे चेहरे बघितले. मन्मथ उठला. वर्षभर 'हाय हाय' म्हणणारं तोंड त्यानं खाली घातलं.

"गेली का?" केरबा म्हणाला.

"लातूरला काढून देतात मामा, पुसलेलं. उद्या जाऊ. माझी जिम्मेदारी."

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं निघाले. मन्मथच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली डिस्क होती, बाहेर काढलेली. केरबा खिडकीशी. गाडीत नव्या जिल्ह्याचं भांडण जुंपलं होतं. चाकूर उदगिरात गेलं तर बरं का लातुरात राहिलं तर बरं. एकानं केरबाला ओढलं, "तुमी जुने मानूस, तुमाला काय वाटतंय?"

"मला काय वाटायचं," केरबा म्हणाला. "लातूर जिल्हा नवा झाला तवा रस्त्याच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर मीच लिवलं. कामावर रोज पारू जेवण घेऊन यायची. म्हनायची, जिल्हा नवा झाला, तुमचा डबा जुनाच." आणि तो एवढ्या मोठ्यानं हसला की मन्मथलाही क्षणभर वाटलं, मिळेल, आज मिळेल.

लातूर घागरींच्या रांगांनी भरलं होतं. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, टाक्यांपाशी पोलीस उभे होते, क्लासची पोरं बॅगा घेऊन गावाकडं परतत होती. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत बसलिंगप्पाचं दुकान होतं. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता डिस्का उघडतो. बोलायला कोरडा. डिस्क हातात घेऊन त्यानं एकच विचारलं.

"पुसल्यावर हिच्यावर काय काय टाकलं?"

"सिस्टीम. फॉन्ट. सॉफ्टवेअर." मन्मथ टॉवेलाची घडी घालत म्हणाला. "गाणी."

"गाणी कशाला?"

"ती व्यंकटीनं... हौस म्हणून."

बसलिंगप्पानं चष्मा कपाळावर सारला. "ऐका. पुसलं म्हणजे गेलं नसतं. जागा मोकळी हाय, एवढंच मशीन लिहून ठेवतंय. जुनं तिथंच पडून राहतंय, कुणी नवं येऊन बसेपर्यंत. बसलं की संपलं. मी कोशिश करतो. आशा लावून बसू नका."

आशा लावू नका म्हणे! म्हाताऱ्यानं स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर बसला तो उठलाच नाही. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. मन्मथनं चहा आणला, तो गार झाला. बाहेर टँकर आला, बायांचा गलका झाला, गेला. केरबा मधूनच विचारायचा, "आता?" बसलिंगप्पा मान हलवायचा.

चार वाजता फोटो यायला लागले. नावं नाहीत, नुसते आकडे. एकेक उघडून बघायचं. पहिला उघडला, काळा कोट-टाय, वर मुंडकं नाही. दुसरा, पांढरं जाकीट, मुंडकं नाही. शालू, पैठणी, पुन्हा कोट. धडांमागून धडं. मन्मथचा सगळा ढीग धडधाकट परत आला होता आणि माणसं मात्र एकेक करून फाटलेली; कुणाचा कान, कुणाची टोपी, बाकी पडदाभर राखाडी. केरबा वाकून बघत होता.

"हे बिनमुंडक्याचे कोण रं सगळे?"

"कपडे आहेत मामा. नुसते कपडे."

मग पैठणीतली पारूबाई आली. गव्हाळ, गोड, ओठ मिटलेली. एक ओरखडा नाही, एक ठिपका हललेला नाही. मन्मथला तिच्या चांगलेपणाचा इतका संताप आला की त्यानं मान फिरवली. केरबा म्हणाला, "ही न्हाई. म्होरं."

आणि बऱ्याच वेळानं, दिवे लागायच्या सुमाराला, बसलिंगप्पानं एक आकडा उघडला आणि वरच्या बाजूला लुगड्याचा काठ दिसला. मग पिकलेला भांग. मग कपाळ, काळं, आणि त्यावर गोंदण. मन्मथच्या तोंडून "अगं आई" असं निघून गेलं. केरबा ताडकन उभा राहिला, स्टूल मागं पडलं. पडदा खाली खाली भरत गेला. भुवया आल्या. डावी भुवई रागानं खाली ओढलेली. आणि तिथून खाली सपाट राखाडी. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही.

केरबानं पडद्यावर बोट ठेवलं. गोंदणावर. मग खाली जिथं तोंड असायला पाहिजे तिथं नेलं.

"खालची कधी येती?"

बसलिंगप्पानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "बाबा, खालच्या जागेवर दुसरं येऊन बसलंय."

"काय बसलंय?"

त्यानं बघितलं, आणि सांगू की नको अशा नजरेनं मन्मथकडं बघितलं. "गाणं," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत केरबा खिडकीबाहेर बघत होता. मन्मथ बोलत राहिला, कारण गप्प बसणं त्याला सोसेना. कपाळ मिळालंय मामा, म्हणजे अर्धी लढाई झाली. रंग मिळालाय. मी खालचं बनवतो, हुबेहूब, तुम्ही शेजारी बसा आणि सांगा फक्त. मी आजवर हेच काम केलं की नाही? बुडत्याला काडीचा आधार. पण ह्यात बुडणारा कोण आणि काडी कोण, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. चाकूरला उतरताना केरबा म्हणाला, "सकाळी येतो."

सकाळी आला. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, एखाद्या कार्याला यावं तसा. मन्मथनं कपाळाची पट्टी वर ठेवली, खाली त्या पैठणीवालीचा चेहरा जोडला आणि आधी तो काळा केला.

"अजून काळी," केरबा म्हणाला. "हां. आता लई झाली. जरा कमी."

डावा डोळा बारीक केला. नाक जरा बसकं केलं. केरबाच्या अंगात उत्साह आला, खुर्ची पुढं ओढली. "जमायलंय अप्पा, जमायलंय!" मग शिक्षिकाबाईचे ओठ काढून टाकले आणि मन्मथनं एका ओरडणाऱ्या बाईचं तोंड नेटवरच्या कुठल्याशा मोर्चाच्या फोटोतून आणून बसवलं.

"दात कुठला पडला व्हता मामा?"

"उजवा." केरबानं स्वतःच्या तोंडाला बोट लावलं. "न्हाई, थांब. ती माझ्याकडं बघायली तर... डावा."

मन्मथनं डावा काढला. केरबा बघत राहिला. उजवा काढून बघितला. केरबा तसाच बघत राहिला.

"चांगुणाला लाव फोन."

चांगुणा नांदेडहून म्हणाली, "बाबा, आईचे पुढचे दात सगळे व्हते की. दाढ पडली व्हती." मागून जावयाचा आवाज आला, खालचा व्हता, खालचा. मग दोघांचं तिकडं जुंपलं. मन्मथनं फोन ठेवला. त्यानं स्वतः तो फोटो कापला होता, ते तोंड स्वतःच्या हातानं पुसलं होतं, आणि त्यालाही सांगता येईना. दात पडलेला होता, एवढं खरं. कुठला, ते काही केल्या आठवेना.

"ओठ जाड व्हते का पातळ?"

"व्हते... बायामानसाचे असतात तसे."

"हसताना गालाला खळी?"

"अप्पा, मला असं तुकड्या तुकड्यानं इचारू नको!" केरबा एकदम ओरडला. मग त्याचाच आवाज त्याला लागला आणि तो खाली बसला. "मी तिला अशी कवा बघितली का? नाक निराळं, ओठ निराळे? ती बोलायची आन् मी भाकर खायचो. समोरच व्हती, म्हनून बघितलंच न्हाई रं कधी."

मन्मथनं माउसवरचा हात काढला. पडद्यावर एक बाई ओरडत होती. कपाळ पारूबाईचं होतं आणि बाकी ती कुणीच नव्हती.

"मामा, एक करा," तो अगदी हळू म्हणाला. "डोळे मिटा. घाई नका करू. ओट्यावर बसलीय मामी, तूर निवडायली. जशी दिसंल तशी सांगा, मी तशी काढतो."

केरबानं डोळे मिटले. हात गुडघ्यांवर ठेवले. बाहेर स्टँडवर नांदेडची गाडी लागली, कंडक्टर ओरडला, गाडी गेली. केरबाच्या पापण्या हलत होत्या. मन्मथ त्याच्या तोंडाकडं बघत होता, आणि आयुष्यात कधी केली नसेल अशी प्रार्थना मनातल्या मनात करत होता.

"आली का?"

"आली."

"तोंड उघडं हाय का मामा? दात दिसतोय?"

केरबा डोळे मिटूनच बसला. त्यानं मान एकदा जोरात हलवली, झटकल्यासारखी, आणि पुन्हा आतल्या आत बघितलं.

"पैठणी नेसलीय," तो म्हणाला. "गोरी हाय. तोंड मिटून बसलीय, हसायली माझ्याकडं बघून."

त्यानं डोळे उघडले. रडला नाही. वर्षभर येता-जाता त्या बोर्डाकडंच बघत होतो, घरात दुसरं काय होतं बघायला, असं काहीतरी तो पुटपुटला, ते मन्मथला धड ऐकूही आलं नाही. मन्मथला वाटलं त्याचे पाय धरावेत. केरबानं टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली आणि पडद्यावरच्या ओरडणाऱ्या बाईकडं बोट केलं.

"हिला काढून टाक अप्पा. ती पैठणीवालीच छापून दे, काचंत बसवून. चांगुणा यायली. खरी आता आली तरी मला वळखू यायची न्हाई."